रावपुऱ्यातलं हॉबी शॉप आणि १:७२ चं लँकॅस्टर बॉम्बर

चार स्टार. दुकानाला पाच दिले असते, किटला तीन, म्हणून मधले चार. रिव्ह्यू लांब झालाय, पण बॉम्बर विमानाचं मॉडेल घेताना नक्की काय बघायचं हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळंच लिहून टाकतेय.

आधी दुकान. बडोद्यात रावपुरा टॉवरपासून चालत पाच मिनिटं सुद्धा लागत नाहीत. बाहेर पतंग, फिरक्या, क्रिकेटचं सामान टांगलेलं असतं त्यामुळे आत काय आहे ते कळतच नाही, पण माळ्यावर प्लास्टिक मॉडेल किट्सचा जो साठा आहे तसा मी आपल्या गावात दुसरीकडे बघितलेला नाही. विमानं, रणगाडे, जहाजं, रंगाच्या छोट्या बाटल्या, बारीक ब्रश, कटर, सँडपेपर, पुटी, सगळं एका ठिकाणी मिळतं. मालक काका गुजराती आहेत, मराठी पूर्ण समजतं आणि अर्धं बोलतात सुद्धा, आणि अजिबात घाई करत नाहीत. बॉक्स उघडून दाखवतात, पार्टांच्या फ्रेम हातात देतात, "बेन, जोई लो आधी" म्हणतात. ऑनलाइन मागवलं की ही सोय नसते, आणि या बाबतीत ती सोय फार महत्त्वाची आहे, का ते पुढे येईलच.

मी मुळात गेले होते स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिशांच्या लढाऊ विमानाचं किट घ्यायला. मी शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात १२४ नंबरचं एक स्क्वॉड्रन होतं, त्याचं अधिकृत नावच बडोदा स्क्वॉड्रन, आपल्या संस्थानाने दिलेल्या देणगीवरून पडलेलं. १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये उभं राहिलं, स्पिटफायर उडवायचं, त्याच्या चिन्हावर मुंगूस आहे. बडोद्याच्या मुलांना सयाजीराव माहीत असतात, वाचनालयं, कलाभवन, न्यायमंदिर सगळं माहीत असतं, पण आपल्या गावाचं नाव घेऊन विमानं युरोपच्या आकाशात उडत होती हे कुणी सांगितलेलंच नसतं. तर वर्गात हे सांगताना मी म्हणाले की १९४४ मध्ये या स्क्वॉड्रनला दिवसा जाणाऱ्या बॉम्बर विमानांना सोबत करायचं काम मिळालं, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, आणि ज्यांच्यासोबत कुणीच जायचं नाही, रात्री जाणारे, त्यांचं काय व्हायचं?

मी आकडे सांगितले. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्ब टाकणाऱ्या विभागात, उडणारे साधारण १,२५,००० जण होते, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. शिवाय दहा हजारांच्या आसपास युद्धकैदी झाले. उडायची सक्ती कुणावर नव्हती, सगळे स्वतःहून आलेले, बहुतेक विशीतले. एकटे ब्रिटिश नाहीत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड कुठून कुठून आलेले, एकट्या कॅनडाचेच दहा हजारांच्या वर गेले. पहिली टूर ३० मोहिमांची, ती संपली तर काही महिने नवीन मुलांना शिकवायचं आणि मग परत दुसरी टूर. आणि सगळे काही शत्रूच्या गोळीने गेले नाहीत, ट्रेनिंगमध्ये आणि अपघातांत मेलेलेच आठ हजारांच्या वर आहेत, म्हणजे शिकताना, आपल्याच देशावर उडताना. मुलांनी सगळे आकडे वहीत लिहून घेतले आणि झालं, पुढचं पान. आकडा एवढा मोठा झाला की मुलांच्या हाताला काही लागत नाही, हे मी नेहमी बघते. तेव्हाच ठरवलं की एकच बॉम्बर घ्यायचं, एकच क्रू, सात माणसं, आणि कोण कुठे बसायचं आणि कुठून बाहेर पडायचं ते बोटाने दाखवता आलं पाहिजे.

तर किट. ॲव्रो लँकॅस्टर, ब्रिटिशांचं चार इंजिनांचं बॉम्बर, १:७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, किंमत पाच हजारांच्या थोडी आत, काकांनी छापील किमतीतून थोडे कमी केले. खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०२ फूट, म्हणजे मॉडेल ४३ सेंटीमीटर रुंद होतं, कपाटाची खोली मोजूनच घ्या, शाळेच्या काचेच्या कपाटात आम्हाला ते तिरकं ठेवावं लागलं. प्लास्टिक चांगलं आहे, पत्र्यांच्या रेषा बारीक आहेत, पंख सरळ बसतात. चारही इंजिनांची घरं मात्र पुटी लावल्याशिवाय नीट जुळत नाहीत आणि काचेचे पार्ट जाड आहेत, आतलं दिसतं पण धूसर.

आतली मांडणी हा या किटचा खरा गुण, आणि तीन स्टार त्याचेच आहेत. नाकात बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणारा, पालथा झोपायचा. त्याच्या वर-मागे डावीकडे पायलट, उजवीकडे फ्लाइट इंजिनिअरची घडीची सीट. मग नॅव्हिगेटरचं टेबल, त्याचा दिवा बाहेर दिसू नये म्हणून पडदा. त्याच्या मागे वायरलेस ऑपरेटर, हीटरची गरम हवा त्याच्याच बाजूला यायची म्हणून तो उकडून निघायचा आणि बाकीचे गारठायचे. मग येतो मेन स्पार, म्हणजे दोन्ही पंखांना जोडणारा आडवा तुळईसारखा भाग जो विमानाच्या पोटातून आरपार जातो. किटमध्ये हा स्पार अख्खा दिलाय आणि तो बसवला की एकदम कळतं की पुढून मागे जायचं तर या उंचवट्यावरून चढूनच जावं लागत असणार, अंधारात, जाड कपडे, ऑक्सिजनची नळी, विमान हेलकावे खातंय. त्याच्या मागे छतातला मिड-अपर गनर, कापडाच्या पट्ट्यावर लटकून बसलेला, आणि सगळ्यात शेवटी शेपटात रिअर गनर, एकटा, बाकीच्या सहांपासून लांब, उणे चाळीस डिग्रीपर्यंत थंडी. त्याचा टरेट, म्हणजे बंदुकांचा फिरता घुमट, इतका अरुंद की पॅराशूट आत मावायचंच नाही, ते दाराबाहेर विमानाच्या धडात टांगलेलं. म्हणजे उडी मारायची तर आधी टरेट सरळ करा, दार उघडा, मागे हात घालून पॅराशूट काढा, लावा, मग.

आता मार्क कुठे कापले ते. लँकॅस्टरमधून पॅराशूट घेऊन बाहेर पडायची मुख्य जागा म्हणजे नाकाच्या तळाशी असलेली हॅच, बॉम्ब एमर जिथे झोपायचा त्याच्याच खाली. शेपटाजवळ उजव्या बाजूला दार आहे पण तिथून उडी मारली तर शेपटाचा आडवा पंख लागायची भीती. म्हणजे सातपैकी पाच जणांची भिस्त पुढच्या त्या एका झाकणावर. आणि किटमध्ये ही हॅच म्हणजे खाली नुसती चौकोनी रेघ आहे. उघडता येत नाही, वेगळा पार्ट नाही, आतून तर काहीच नाही. बॉम्ब ठेवायच्या खणाचे दरवाजे उघडे करायची सोय आहे, आत एकेक बॉम्ब वेगळा दिलाय, आणि माणसं जिथून जीव वाचवणार ती जागा रेघ मारून सोडून दिलीय. मला हे पटलं नाही.

कारण ही हॅच म्हणजे बारीकसारीक तपशील नाही. फ्रीमन डायसन, जे पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले, ते तेव्हा विशीत होते आणि बॉम्बर कमांडच्या ऑपरेशनल रिसर्च विभागात आकडेमोडीचं काम करायचे. त्यांनी मांडलेला हिशोब असा आहे की अमेरिकेचं दिवसा उडणारं बॉम्बर पाडलं गेलं तर निम्मे लोक जिवंत बाहेर पडायचे, ब्रिटिशांचं दुसरं बॉम्बर हॅलिफॅक्स पडलं तर साधारण पाव, आणि लँकॅस्टर पडलं तर १५ टक्के. लँकॅस्टर जास्त वजन न्यायचं, जास्त उंच जायचं, वरिष्ठांचं लाडकं विमान, एकूण ७,३७७ बनवली, आणि त्यातून बाहेर पडणं सगळ्यात अवघड. हॅलिफॅक्सची हॅच २४ इंच रुंद, लँकॅस्टरची २२. दोन इंच. डायसनचे एक सहकारी हॅच मोठी करा म्हणून मागे लागले होते, पण तो बदल होईपर्यंत युद्ध संपत आलं.

मी हे दुकानात काकांना सांगितलं, म्हणजे तक्रार म्हणूनच सांगितलं, की किटमध्ये हॅच उघडी नाही. काउंटरवर त्यांचा पुतण्या होता, इंजिनिअरिंगला आहे, त्याने कॅल्क्युलेटर काढला, २२ इंच भागिले ७२, पावणेआठ मिलिमीटर. म्हणाला ठेवून जा, कापून देतो. त्याने रेघेवरून ब्लेडने कापून, कानस मारून, इतकं स्वच्छ चौकोनी भोक करून दिलं आणि कापलेलं झाकण वेगळं पुडीत बांधून दिलं. ही सर्व्हिस कुठल्याही बोर्डवर लिहिलेली नाही, विचारली तर मिळते.

आणि मग त्याने स्वतःच १:७२ च्या माणसांचं एक पाकीट काढलं, पायलटच्या वेषातली पुतळी, अडीच सेंटीमीटर उंच, आणि छातीवर पॅराशूटचं पाकीट म्हणून पुटीची गोळी चिकटवून दिली. शाळेत मुलांनी ती पुतळी त्या भोकातून काढून बघितली. सरळ घातली की गोळी अडकते. तिरकी केली तर खांदा अडकतो. आधी पाय, मग एक खांदा, मग वळवून दुसरा, तेव्हा कुठे निघते. प्रत्येकाला करून बघायचं होतं, रांग लागली, आणि एक मुलगा म्हणाला बाई पण हे तर मी उजेडात करतोय. मग दुसऱ्याने विचारलं की पायलट कितवा जायचा. शेवटी, कारण तो दांडा सोडून उठला की विमान सरळ राहत नाही. त्यानंतर आकडे परत सांगावे लागले नाहीत.

डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायच्या नंबर-चिन्हांच्या पट्ट्या, त्यांच्याबद्दल. किटमध्ये दोन विमानांचे डिकल आहेत आणि दोन्ही युद्धातून वाचलेली विमानं. एक तर प्रसिद्ध एस फॉर शुगर, नंबर आर ५८६८, १३७ मोहिमा करून आलेलं, लंडनच्या रॉयल एअर फोर्सच्या म्युझियममध्ये ठेवलंय. नाकावर मोहिमांचे बारीक पिवळे बॉम्ब ओळीने छापलेले, दिसतं फार छान. पण बघा, जेवढी लँकॅस्टर बनली त्यातली निम्म्याच्या आसपास गेली, आणि बॉक्समध्ये मिळतात ती नेहमी वाचलेली. कपाटात ते मॉडेल ठेवलं तर बघणाऱ्याला वाटणार की १३७ वेळा जाऊन यायचे लोक. मला गेलेलं विमान हवं होतं.

मी निवडलं केबी ७२६, कॅनडात बनलेलं लँकॅस्टर, कॅनडाच्या ४१९ स्क्वॉड्रनचं, बाजूला अक्षरं व्हीआर-ए. १२ जूनच्या रात्री १९४४ ला फ्रान्समधल्या काँब्रेच्या रेल्वे यार्डावर जायला निघालं, नॉर्मंडीत सैन्य उतरून आठवडा झाला नव्हता. जर्मन नाइट फायटरने गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, पंखाला आणि मागच्या भागात आग. पायलट आर्ट डी ब्रेनने उड्या मारा म्हणून सांगितलं. शेपटातला टरेट इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या हायड्रॉलिक्सवर फिरायचा, इंजिनं गेली आणि तो अर्धवट वळलेल्या अवस्थेत अडकला, हाताने फिरवायची कळ तुटली, आत रिअर गनर पॅट ब्रॉफी. मिड-अपर गनर अँड्र्यू मायनार्स्की मागच्या दारापाशी पोचला होता, उडीच मारायची बाकी होती, त्याला ब्रॉफी अडकलेला दिसला आणि तो आगीतून रांगत शेपटाकडे गेला. कुऱ्हाडीने ठोकलं, हाताने ओढलं, टरेट हलला नाही. कपडे पेटले होते. ब्रॉफीने जा म्हणून खुणावलं. तो तोंड ब्रॉफीकडेच ठेवून मागे मागे सरकत दारापर्यंत गेला, जळत्या कपड्यांत ताठ उभा राहिला, सलाम केला आणि उडी मारली. खाली फ्रेंच लोकांना सापडला तेव्हा जिवंत होता, पण भाजल्यामुळे गेला. २७ वर्षांचा. आणि ब्रॉफी विमानासकट जमिनीवर आदळला, आदळताना बाहेर फेकला गेला आणि जगला. सातातले सहा वाचले. म्हणूनच आत काय झालं ते जगाला कळलं, ब्रॉफीने परत आल्यावर सांगितलं आणि १९४६ मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला.

हे विमान निवडण्याचं कारण तेच आहे. बहुतेक लँकॅस्टर पडली तेव्हा सांगायला कुणी उरलं नाही. कुणी कुणासाठी मागे वळलं, कुणी दुसऱ्याला आधी ढकललं, काही कळायला मार्ग नाही. घरी तार यायची, बेपत्ता, एवढंच. इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर ज्यांची कबर कुठे आहे तेच माहीत नाही अशा हवाई दलातल्या वीस हजारांहून जास्त लोकांची नावं आहेत.

तर केबी ७२६ चे डिकल मिळत नव्हते. काकांनी रस्ता काढला, शेजारच्या रेडियमवाल्याकडून, जो गाड्यांच्या नंबर प्लेट करतो, अक्षरांचा स्टेन्सिल कापून आणला. व्ही, आर, ए ही मोठी अक्षरं अप्रतिम आली, स्टेन्सिल चिकटवून मंद लाल रंग मारला, काळ्या बाजूवर अगदी खरी दिसतात. पण सीरियल नंबर या स्केलला तीन मिलिमीटरपेक्षा पण छोटा होतो, तो रेडियमच्या मशीनला जमला नाही, कडा फाटल्यासारख्या आल्या, शेवटी पुतण्याने ट्रिपल झिरो ब्रशने हाताने लिहिला. जवळून बघितलं तर ७ आणि २ एका मापाचे नाहीत. मला चालतं, पण ज्यांना स्पर्धेत ठेवायचंय त्यांनी डिकल बाहेरून मागवावेत.

पोटाखाली रडारचा फुगवटा दिलाय, तो लावायचा की नाही ते तुम्ही कुठलं विमान करताय त्यावर ठरवा. मॉडेल उलटं धरून मुलांना एक गोष्ट जरूर दाखवा: वर बंदुका, नाकात बंदुका, शेपटात बंदुका, आणि खाली बघणारं कुणीच नाही. जर्मन नाइट फायटरांनी वर तिरक्या रोखलेल्या तोफा बसवल्या, खालून अंधारात गुपचूप यायचे आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर गोळ्या घालायचे. गोळ्यांचा उजेड पण दिसू द्यायचे नाहीत. कित्येक क्रूंना कशाने मारलं तेच कळलं नसेल. ३० मार्चच्या रात्री १९४४ ला न्यूरेंबर्गवर ७९५ विमानं गेली, चंद्र होता, मार्गात लांबलचक सरळ पट्टा, थंडीने प्रत्येक विमानामागे पांढरी रेघ उमटत होती, ९५ परत आली नाहीत. पाचशेच्या वर माणसं एका रात्रीत. इंग्लंडच्या विमानतळांवर सकाळी नाश्त्याची टेबलं मांडलेली आणि बसायला माणसं नाहीत.

आणि ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांचं पण लिहायलाच हवं. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर जे हल्ले झाले त्यात आगीचं वादळ उठलं आणि चाळीस हजारांच्या आसपास लोक मेले, बायका, मुलं, म्हातारे. मे १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर १९ लँकॅस्टर गेली, ८ पडली, त्यांच्या क्रूमधले ५३ जण मेले, आणि खाली पुराच्या पाण्यात साधारण १,३०० लोक बुडाले, त्यात जबरदस्तीने कामाला आणलेले परदेशी कैदी आणि मजूर कितीतरी. शाळेच्या कपाटात मॉडेलच्या बाजूला मी दोन कार्डं ठेवलीत, एकावर क्रूमधल्या सातांची नावं, दुसऱ्यावर हे. एक ठेवून दुसरं न ठेवणं मला जमणार नाही.

माझे सासरे, अण्णा, हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे. किट घरी आल्यापासून ते त्याच्यात माझ्याइतकेच गुंतले. त्यांनी लँकॅस्टर कधी बघितलं नाही, पण १९६७ मध्ये पुण्याला लोहगावला लिबरेटर बघितलीत. ही अमेरिकन बनावटीची बॉम्बर विमानं, युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली, परत कुणी उडवू नये म्हणून, आणि एचएएलच्या, म्हणजे आपल्या सरकारी विमान कारखान्याच्या, लोकांनी ती दुरुस्त करून उडवली आणि आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. एक आपण ब्रिटनला भेट दिलं, ते आज त्यांच्या म्युझियममध्ये उभं आहे. अण्णांना लिबरेटरच्या बॉम्बच्या खणाचे दरवाजे आठवतात, दुकानाच्या शटरसारखे गोल वर सरकणारे, आणि मधून जाणारी वीतभर रुंदीची फळी, ज्याच्यावरून क्रू पुढे-मागे करायचा. त्यांनी इंजिनांच्या मागे धुराचे डाग कसे पडतात ते दाखवलं, कुठल्या बाजूला जास्त, कुठे कमी, आणि सांगितलं की पायलट विमान घेऊन जातो पण विमान असतं फिटरचं, ते वेळेवर आलं नाही तर फिटर शेडच्या बाहेर उभाच राहतो, कुणी सांगितलं तरी जेवायला जात नाही. हे त्यांनी मला लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

त्यांच्यामुळेच आता पुढचं किट लिबरेटरचं. लिबरेटर आपल्याला जवळची, कारण ती बंगालमधून उडायची, दिग्री आणि सालबोनीहून, ब्रह्मदेश, सयाम, मलायापर्यंत, परत यायचं तर बंगालचा उपसागर पार करून. जी जंगलात किंवा समुद्रात गेली त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. आणि अमेरिकेचं एक लिबरेटर, नाव हॉट ॲज हेल, २५ जानेवारी १९४४ ला चीनमधल्या कुनमिंगहून आसामात चबुआला परत येताना हरवलं, आठ माणसं होती, ते २००६ मध्ये अरुणाचलच्या डोंगरात डामरोजवळ सापडलं. बासष्ट वर्षं आठ घरं वाट बघत होती. काकांकडे लिबरेटर नव्हतं, मुंबईहून मागवतायत, ॲडव्हान्स निम्मा घेतला.

बाकी तक्रारी. माझ्या बॉक्समध्ये कॅनॉपीला, म्हणजे पायलटच्या वरच्या काचेला, चीर होती, घरी आल्यावर दिसली, परत नेली तर काकांनी काहीही न विचारता दुसऱ्या बॉक्समधली काढून दिली. डार्क अर्थ रंगाची बाटली अर्धी सुकलेली निघाली, रंग घेताना तिथेच हलवून, झाकण उघडून बघा. बिल हाताने लिहून देतात, शाळेच्या अकाउंट्सला छापील लागतं तर आधी सांगा. माळ्याचा जिना अरुंद आहे, अण्णांना वर जाता आलं नाही, काकांनी सगळे बॉक्स खाली आणून दाखवले. पार्किंग नाही, दांडिया बाजारकडे कुठेतरी लावून चालत या. पावसाळ्यात मॅट रंग मारू नका, पांढरट येतो.

लहान मुलांना एकट्याने हे किट जमणार नाही, दहावीच्या पुढे ठीक, त्याहून लहान असेल तर मोठं कुणीतरी सोबत बसा. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका, उतराणच्या गर्दीत मांजा आणि पतंगाशिवाय दुकानात दुसरं काही बोलायला कुणी रिकामं नसतं. हॅच कापून हवी असेल तर पुतण्या असतो का ते फोन करून विचारा, कॉलेजच्या परीक्षा नसतील तर करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेतो आणि ते द्यावेत.